बाळंतपणात सुटलेलं अंग आणि पोटाचं ऑपरेशन: आधी समजून घ्यायच्या गोष्टी

दोन-तीन महिन्यांपूर्वी एका संध्याकाळी आम्ही रंकाळ्यावर फिरायला गेलो होतो. मी, माझी नणंद, तिचा चार वर्षांचा थोरला आणि कडेवर सात महिन्यांचा धाकटा. थोडं चाललो नाही तोच तिला धाप लागली. कट्ट्यावर बसली, मोबाइल माझ्यापुढं धरला आणि म्हणाली, "वहिनी, हे पोट बारीक करायचं ऑपरेशन असतंय नव्हं, ते करून घेऊ म्हणतो मी." मोबाइलवर जाहिरात होती. बाळंतपणानंतर पुन्हा पहिल्यासारख्या व्हा, असं काहीतरी लिहिलेलं.

मला त्या क्षणी 'कर' म्हणता येईना आणि 'नको'ही म्हणवेना. मी आरोग्याच्या विषयांवर लिहिते, तरी एवढं नीट उत्तर माझ्याकडं तयार नव्हतं. तिच्यासारखा प्रश्न घेऊन बसलेल्या कितीतरी जणी आहेत. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या पाहणीत देशातल्या जवळपास चारपैकी एका बाईचं वजन प्रमाणापेक्षा जास्त निघालं होतं. म्हणून तिला जे समजावलं, ते सगळ्यांसाठी इथं लिहिते.

एक गोष्ट आधीच सांगते. हे ऑपरेशन 'बाळंतपणाचं वजन' उतरवण्यासाठी नाही. लठ्ठपणा नावाचा जो चिवट, वर्षानुवर्षं चालणारा आजार आहे, त्याच्यावरचं ते ऑपरेशन आहे. आपल्या अंगावर यातलं काय आणि किती आहे, हे बाळंतपणानंतर लगेच ओळखता येत नाही. त्याला वेळ द्यावा लागतो.

बाळंतपणात वाढलेलं वजन असतं कशाचं?

बाळ साधारण तीन किलोचं. वार अर्धा-पाऊण किलोची. गर्भजल, वाढलेलं गर्भाशय, जास्तीचं रक्त, अंगात साठलेलं पाणी, जड झालेली छाती. हे सगळं मिळून सात-आठ किलो होतात आणि त्यातलं बहुतेक प्रसूतीत आणि नंतरच्या काही आठवड्यांत आपोआप उतरतं.

उरते ती चरबी, तीन-चार किलो. ही चरबी शरीरानं मुद्दाम साठवलेली असते. उन्हाळ्यात आपण वर्षाची चटणी करून ठेवतो, पावसाळ्याआधी डाळी-धान्य भरून ठेवतो, तशी ही बेगमी. अंगावर पाजणाऱ्या आईला रोज ५०० ते ६०० कॅलरी जास्त लागतात. घरात अन्न कमी पडलं तरी बाळाचं दूध आटू नये, म्हणून शरीरानं आधीच केलेली ही सोय आहे. बेगमी वापरली गेली की वजन उतरतं. आपल्याकडं होतं असं, की बेगमी वापरायची वेळच येत नाही, उलट तिच्यावर आणखी भर पडते.

'दोन जिवांची आहेस, दोघांचं खा' हे वाक्य प्रत्येक गरोदर बाईनं ऐकलेलं असतं. खरं तर गरोदरपणाच्या पुढच्या महिन्यांत रोज साधारण ३५० कॅलरीच जास्त लागतात. म्हणजे एखादी भाकरी, वाटीभर आमटी आणि एखादं फळ. मग बाळंतिणीच्या खोलीत डिंकाचे लाडू, अळिवाची खीर, खोबरं, वर तुपाची धार. मी त्या लाडवांना नावं ठेवणार नाही. अळिवात लोह असतं आणि रक्त गेलेल्या बाईला ते हवंच असतं. पण ज्या काळात हे खाणं ठरलं, त्या काळात सव्वा महिना झाला की बाई पुन्हा पाणी भरायला, शेतावर, जात्यावर जायची. आता पाच-सहा महिने माहेरी, बसून.

वजन किती वाढावं, याचा अमेरिकेतला २००९ चा तक्ता जगभर वापरतात. आधी वजन प्रमाणात असेल तर साडेअकरा ते सोळा किलो, थोडं जास्त असेल तर सात ते साडेअकरा आणि लठ्ठपणा असेल तर पाच ते नऊ किलो. आधीच वजन जास्त असलेल्या बाईनं कमी वाढवायचं असतं. हे आमच्या घरात तरी कुणी नणंदेला सांगितलं नव्हतं.

तिचा हिशेब आम्ही कट्ट्यावर बसूनच मांडला. लग्नात ६८ किलो. दुसऱ्या वेळी दिवस गेले तेव्हा ७९. आता ९४. म्हणजे हे वजन एका बाळंतपणाचं नाही. पहिल्या बाळंतपणातलं उतरलं नाही, त्याच्यावर दुसरं चढलं, आणि सुरुवात झाली तेव्हाही तिच्या उंचीला ते जास्तच होतं.

"खाणं कमी कर की, त्यात काय एवढं?"

हे तिला तिच्या सासूबाईंनी सांगितलं, नवऱ्यानं सांगितलं आणि खोटं कशाला बोलू, मीही सांगितलं होतं. तिनं केलंही होतं. पहिल्या बाळंतपणानंतर तीन महिन्यांत आठ किलो उतरवले आणि वर्षभरात नऊ परत आले.

हे का होतं, ते कोल्हापूरकरांना चटकन कळेल. जुलैत आपण सगळे राजाराम बंधाऱ्याची पातळी बघत असतो. पाणी ३९ फुटांवर गेलं की इशारा पातळी, ४३ वर धोका पातळी, आणि सगळी यंत्रणा हलायला लागते. मेंदूतही चरबीच्या साठ्याची अशीच एक पातळी ठरलेली असते. फरक इतकाच, की तिथली यंत्रणा साठा कमी झाला की जागी होते. पोटातून सुटणारं घ्रेलिन नावाचं भुकेचं रसायन वाढतं, पोट भरल्याची खबर देणारी रसायनं घटतात आणि शरीर तेवढ्याच कामाला कमी ऊर्जा जाळायला लागतं. दुष्काळ पडलाय अशी समजूत करून घेऊन शरीर जीव वाचवायला बघतं. कित्येक महिने वाढलेलं वजन टिकून राहिलं, की मेंदू त्या नव्या पातळीलाच आपली पातळी मानायला लागतो. घ्रेलिनचा शोधच मुळी १९९९ मधला. त्याआधीच्या पिढ्यांनी हे सगळं इच्छाशक्तीच्या खात्यावर मांडलं, आणि अजूनही घरोघरी तेच चालू आहे.

त्यात बाळाच्या आईला सलग तीन तास झोप मिळत नाही. अपुऱ्या झोपेनं भूक वाढते. शिवाय दोन गोष्टी हमखास नजरेआड होतात. पहिली, थायरॉईड. प्रसूतीनंतरच्या पहिल्या वर्षात काही बायकांची थायरॉईड ग्रंथी बिघडते. अंग जड, केस गळणं, सतत थकवा, आणि सगळं 'बाळंतपणामुळं' म्हणून खपून जातं. एका रक्ततपासणीत कळतं. दुसरी, मन. बाळ झाल्यावर आठवड्यांमागून आठवडे उदास वाटणं, रडू येणं, कशातच मन न लागणं, हा आजार आहे आणि त्याला उपचार आहेत. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीच्या १४४१६ क्रमांकावर मराठीतही बोलता येतं. या दोन गोष्टी तपासल्याशिवाय ऑपरेशनचा विचार पुढं नेऊ नये, असं माझं ठाम मत आहे.

वजन कुठवर गेलं की ऑपरेशनचा विषय निघतो?

डॉक्टर नुसतं वजन बघत नाहीत, बीएमआय बघतात. किलोतल्या वजनाला मीटरमधल्या उंचीच्या वर्गानं भागलं की बीएमआय मिळतो. नणंदेची उंची १५५ सेंटिमीटर, म्हणजे १.५५ मीटर. त्याचा वर्ग २.४. ९४ भागिले २.४ म्हणजे ३९. लग्नातल्या ६८ किलोंचा बीएमआय २८ येतो.

आपल्याकडं २३ च्या पुढं वजन जास्त आणि २५ च्या पुढं लठ्ठपणा मानतात. पाश्चात्त्य लोकांपेक्षा हे आकडे खाली ठेवलेत, कारण आपली चरबी पोटात साठते आणि मधुमेह कमी वजनावरही गाठतो. घरी टेप असेल तर कंबर मोजा. बाईची कंबर ८० सेंटिमीटरच्या पुढं गेली की सावध व्हायला हवं.

ऑपरेशनसाठी १९९१ पासून अमेरिकेतला निकष चालत आला: बीएमआय ४०, किंवा ३५ आणि सोबत मधुमेह-रक्तदाबासारखा आजार. २०२२ मध्ये या क्षेत्रातल्या दोन आंतरराष्ट्रीय संघटनांनी तो खाली आणला. ३५ च्या पुढं दुसरा आजार नसला तरी, ३० ते ३५ मध्ये मधुमेहासारखा आजार असेल तर, आणि आशियाई माणसांना २७.५ च्या पुढंही हा पर्याय द्यावा, असं त्यांनी म्हटलं.

म्हणजे आकड्यांत नणंद बसते. पण जिला बारशानंतर आठ-दहा किलो जास्तीचे राहिलेत आणि जुना ब्लाऊज दंडात बसत नाही, तिच्यासाठी हे ऑपरेशन नाही. जाहिराती हा फरक सांगत नाहीत.

ऑपरेशनमध्ये करतात काय? चरबी काढतात?

नाही. पोटावरची चरबी ओढून काढणं म्हणजे लायपोसक्शन, ते वेगळं. सुटलेली कातडी आणि पोटाचे सैल स्नायू आवळण्याचं ऑपरेशनही वेगळं. ती दोन्ही आकारासाठी असतात, त्यांनी लठ्ठपणा बरा होत नाही. अनेक बायकांचं पोट तर चरबीपेक्षा पोटाचे दोन उभे स्नायू गरोदरपणात एकमेकांपासून लांब गेल्यामुळं पुढं आलेलं असतं. त्याला फिजिओथेरपिस्टनं शिकवलेले व्यायाम लागतात, जठर कापायची गरज नसते.

वजनाचं ऑपरेशन, ज्याला डॉक्टर बॅरिॲट्रिक शस्त्रक्रिया म्हणतात, ते जठरावर आणि आतड्यावर होतं, आणि आता बहुतेक दुर्बिणीतून. आपल्याकडं दोन प्रकार जास्त ऐकायला मिळतात.

पहिला प्रकार स्लीव्ह. आपलं जठर पखालीसारखं, लिटर-दीड लिटर मावेल असं असतं. त्याचा बाहेरचा फुगीर भाग, साधारण तीन चतुर्थांश ते ऐंशी टक्के, कापून कायमचा काढून टाकतात. उरते केळ्याच्या आकाराची नळी. त्यात चहाच्या एका लहान कपाएवढंच मावतं. पण खरा परिणाम मापाचा नाही. घ्रेलिन मुख्यतः त्या काढलेल्या भागातच तयार होतं, म्हणून भूकच मंदावते. बंधाऱ्याच्या भाषेत बोलायचं, तर मेंदूतली ठरलेली पातळीच खाली येते.

दुसरा बायपास. पुण्याहून कागलला निघालेली गाडी तावडे हॉटेलपाशी शहरात न वळता हायवेनं तशीच पुढं जाते. तसंच इथं जठराचा वरचा, वाटीच्या तळाएवढा भाग वेगळा करून तो थेट आतड्याच्या पुढच्या भागाला जोडतात. उरलेलं जठर आणि आतड्याची सुरुवात जागेवरच राहते, पण अन्न तिकडं जात नाही. अन्न असं लवकर पुढं पोचल्यामुळं पोट भरल्याची खबर देणारी रसायनं जोरात सुटतात. कित्येकांची साखर वजन उतरायच्या आधीच, काही दिवसांत सुधारते. पण गाडी गावात शिरलीच नाही तर तिच्यातला माल गावातल्या दुकानांत उतरत नाही. लोह आणि कॅल्शियम घेणारी दुकानं नेमकी त्या टाळलेल्या भागात आहेत. जठरातल्या रसाशिवाय बी-१२ जीवनसत्त्वही नीट शोषलं जात नाही. म्हणून ऑपरेशननंतर गोळ्या, आणि त्या जन्मभर. स्लीव्हवाल्यांनाही त्या चुकत नाहीत.

हा विचार कुठून आला, तेही ऐकण्यासारखं आहे. अमेरिकेतल्या आयोवा विद्यापीठातले सर्जन एडवर्ड मेसन यांच्या लक्षात आलं, की अल्सरसाठी जठराचा मोठा भाग काढलेली माणसं बारीक होतात आणि तशीच राहतात. १९६६ मध्ये त्यांनी लठ्ठपणासाठी पहिला बायपास केला.

वर्ष-दीड वर्षात शरीराच्या एकूण वजनाच्या साधारण पाव हिस्सा, बायपासमध्ये थोडं जास्त, उतरतं. ९४ किलोंच्या बाईचं ७० च्या आसपास. ५५ नव्हे. पुढच्या काही वर्षांत त्यातलं थोडं परतही येतं. नणंदेला हा आकडा सांगितला तेव्हा ती बराच वेळ गप्प होती. तिच्या डोक्यात जाहिरातीतल्या बाईचा फोटो होता.

"मग आत्ताच करून टाकतो, माहेरी आहे तोवर"

तिचं म्हणणं व्यवहाराचं होतं. माहेरी आई आहे, बाळाला सांभाळायला माणसं आहेत. पण सात महिन्यांचं बाळ अजून अंगावर पितंय.

ऑपरेशननंतरचे पहिले दोन आठवडे नुसतं पातळ, मग मऊ, आणि महिना-दीड महिन्यानं नेहमीचं खाणं. या काळात पोटात जाणारं अन्न फारच थोडं असतं. आईच्या अंगात बी-१२ कमी असेल तर दुधातही ते कमी उतरतं आणि नुसत्या दुधावर असलेल्या बाळाच्या मेंदूला-नसांना त्याची झळ बसू शकते. शाकाहारी घरात तर बी-१२ आधीच काठावर असतं. म्हणून सर्वसाधारणपणे बाळाचं अंगावरचं पिणं सुटल्यावरच तारीख ठरवतात.

दुसरं कारण, वजन अजून स्थिरावलेलंच नाही. पहिलं वर्षभर ते हलतं. गरोदरपणात मधुमेह झाला असेल तर प्रसूतीनंतर सहा आठवड्यांनी साखर पुन्हा तपासायची असते. ती राहून गेली असेल तर आधी ती करा, कारण अशा बायकांना पुढं कायमचा मधुमेह होण्याचा धोका बराच जास्त असतो. त्याचा निकाल ऑपरेशनच्या निर्णयावरही परिणाम करतो.

तिसरी गोष्ट छोटी वाटेल, पण आईला विचारा. ऑपरेशननंतर काही आठवडे जड उचलायचं नसतं. आणि दहा किलोंचं पोर पाय धरून 'उचल' म्हणत उभं असतं. घरात दुसरे हात आहेत का, याचं उत्तर आधीच असायला हवं.

आधीचं बाळंतपण सिझेरियनचं असेल, तर सहसा अडचण येत नाही. छेद पोटाच्या वरच्या भागात आणि लहान असतात. सर्जनला सांगायचं मात्र.

अजून एक मूल हवं असेल तर?

हा प्रश्न बऱ्याच घरांत विचारलाच जात नाही. माझ्या मते तो पहिल्याच भेटीत विचारायला हवा, नवऱ्यासमोर.

ऑपरेशननंतर निदान बारा ते अठरा महिने दिवस जाऊ द्यायचे नसतात. वजन झपाट्यानं उतरत असताना पोटातल्या बाळाला पोषण कमी पडतं. आणि गंमतीची नव्हे, काळजीची गोष्ट अशी, की नेमक्या याच काळात दिवस राहण्याची शक्यता वाढते. पीसीओडी या अंडाशयाच्या आजारामुळं वर्षानुवर्षं पाळी लांबणाऱ्या बायकांची पाळी वजन उतरल्यावर नियमित होते. 'मला काय लगेच राहतंय' म्हणत बेफिकीर राहिलेल्या फसतात. बायपासनंतर गर्भनिरोधक गोळ्या नीट शोषल्या जातील याचा भरवसा नसतो. म्हणून तांबीसारखा तोंडावाटे न घेण्याचा उपाय बरा, आणि तो ऑपरेशनआधीच ठरवलेला असावा.

थांबून, वजन स्थिर झाल्यावर राहिलेलं गरोदरपण मात्र बऱ्याच बाबतींत सुखाचं जातं. गरोदरपणातला मधुमेह आणि रक्तदाब कमी होतो, फार मोठं बाळ होण्याचा प्रश्नही कमी होतो. बाळ थोडं लहान भरण्याचा धोका मात्र वाढतो, म्हणून सोनोग्राफी जास्त वेळा करावी लागते. दोन गोष्टी त्या वेळच्या डॉक्टरांना आवर्जून सांगायच्या. एक, साखरेच्या तपासणीसाठी देतात ते ७५ ग्रॅम ग्लुकोजचं पाणी बायपास झालेल्या बाईला सोसत नाही. घाम फुटतो, छातीत धडधडतं, जुलाब होतात. तपासणीचा दुसरा मार्ग काढावा लागतो. दुसरी, बायपासनंतरच्या गरोदरपणात पोटात जोराची कळ आली तर 'गॅस असेल' म्हणून ओवा चावत घरी बसायचं नाही. आतडं आत अडकलेलं असू शकतं. तडक दवाखाना गाठायचा.

कुटुंब पुरं झालं असेल तर निर्णय सोपा होतो. नसेल तर काही जणी मूल होईपर्यंत थांबतात, काही आधी ऑपरेशन करून मग थांबतात. दोन्ही बरोबर असू शकतं.

जिवाला धोका किती?

तिच्या आईचा हा एकच प्रश्न होता. अनुभवी ठिकाणी या ऑपरेशनात मृत्यूचं प्रमाण हजारात एकाच्या आसपास असतं, म्हणजे पित्ताशयाच्या दुर्बिणीच्या ऑपरेशनसारखं. जोडलेल्या जागेतून गळती होणं शंभरात एखाद्याला होतं, आणि ते गंभीर असतं. पायाच्या शिरेत रक्ताची गुठळी होऊ शकते. घरी आल्यावर पहिल्या दोन आठवड्यांत नाडी जलद चालणं, ताप, वाढती पोटदुखी, धाप यांतलं काहीही दिसलं तर रात्र काढायची नाही. इथं एक व्यवहाराचा मुद्दा येतो. ऑपरेशन पुण्या-मुंबईत करून कोल्हापूरला परत येणार असाल, तर रात्री दोन वाजता इथं कुणाकडं जायचं, ते नाव आधी ठरलेलं हवं.

पुढचे त्रासही आहेत. स्लीव्हनंतर छातीत जळजळ वाढू शकते. ज्यांना आधीपासूनच आम्लपित्ताचा मोठा त्रास आहे, त्यांना म्हणून बायपास सुचवतात. झपाट्यानं वजन उतरताना पित्ताचे खडे होतात. ते टाळायला सहा महिने गोळी देतात. तीन-सहा महिन्यांनी केस गळतात. ते परत येतात, पण बाळंतपणातही गळलेले असतात, त्यामुळं बायका हादरतात. आमच्या भागातल्या बायकांनी मिश्रीबद्दल खरं सांगायला हवं. तंबाखूनं बायपासच्या जोडावर व्रण होतो. मिश्री सोडल्याशिवाय या वाटेला जाऊ नये.

या धोक्यांच्या दुसऱ्या पारड्यातही काही आहे. स्वीडनमध्ये १९८७ साली सुरू झालेल्या एका अभ्यासात ऑपरेशन केलेल्या दोन हजारांहून अधिक आणि न केलेल्या जवळपास तितक्याच लठ्ठ माणसांचा वर्षानुवर्षं माग ठेवला गेला. २००७ मध्ये निष्कर्ष आले. ऑपरेशन झालेल्यांत मृत्यूचं प्रमाण जवळपास ३० टक्क्यांनी कमी होतं. ज्या बाईचा बीएमआय ४० ला टेकलाय, साखर-रक्तदाब सुरू झालाय, झोपेत श्वास अडतोय, तिनं काहीच न करणं हाही धोकाच आहे. अशा बाईला 'सोपा मार्ग शोधला' म्हणणाऱ्यांनी एकदा तिच्या पथ्याचे पहिले दोन महिने बघावेत.

मग पांढरा-तांबडा कायमचा बंद?

बंद काहीच नाही, पण माप आणि क्रम बदलतो. ताटात आधी प्रथिनं: अंडं, मासा, चिकन, पनीर, डाळ, मोड आलेली कडधान्यं. दिवसाला निदान ६० ग्रॅम प्रथिनं पोटात जायला हवीत, आणि वाटीभर मावणाऱ्या पोटात ती बसवणं हे रोजचं काम होऊन बसतं. मटणाचा तुकडा चालतो, नीट चावून. रश्श्याची वाटीवर वाटी नाही. जेवताना पाणी प्यायचं नाही, अर्धा तास आधी आणि नंतर. गूळ, जिलेबी, बासुंदी बायपासवाल्यांना घाम फोडते. नुसतं पातळ आणि गोड खात राहिलं तर ऑपरेशन होऊनही वजन वाढतं, कारण आइस्क्रीम अडत नाही, सरळ उतरतं.

सतत उलट्या होत राहिल्या तर त्या अंगावर काढू नयेत. बी-१ जीवनसत्त्व संपून मेंदूला इजा होऊ शकते.

सगळ्यात अवघड जातं ते चारचौघांत. लग्नात, जत्रेत, हळदीकुंकवाला 'एवढंच? अगं घे की' असं म्हणत वाढणारा हात. घरच्यांना आधीच सांगून ठेवावं लागतं.

इंजेक्शन आलंय की आता

हो. २०२५ च्या मार्चमध्ये टिर्झेपाटाईड आणि जूनमध्ये वजनासाठीचं सेमाग्लुटाईड भारतात आलं आणि तेव्हापासून प्रत्येक गप्पांत हा विषय आहे. आठवड्याला एक इंजेक्शन. पोट भरल्याची खबर देणाऱ्या रसायनाची ती नक्कल आहे. वजन खरंच उतरतं. बीएमआय ३० च्या आसपास असलेल्यांना ऑपरेशनआधी हा रस्ता विचारात घेण्यासारखा आहे.

पण अंगावर पाजणाऱ्या आईला ती देत नाहीत, गरोदरपणात चालत नाहीत आणि मूल हवं असेल तर सेमाग्लुटाईड निदान दोन महिने आधी थांबवावं लागतं. टिर्झेपाटाईड सुरू असताना गर्भनिरोधक गोळीचा परिणामही कमी होऊ शकतो. आणि इंजेक्शन बंद केलं की वजन परत येतं. सेमाग्लुटाईडच्या एका अभ्यासात थांबवल्यावर वर्षभरात उतरलेल्याचं दोन तृतीयांश परत आलं होतं. मेडिकलमधून मैत्रिणीच्या चिठ्ठीवर आणून घ्यायची ही गोष्ट नाही.

खर्च

लाखांत जातो. विमा असेल तर कागद आधी वाचा. विमा नियामकाच्या नियमात बीएमआय ४०, किंवा ३५ आणि सोबत हृदयविकार, झोपेत श्वास अडण्याचा गंभीर आजार किंवा आटोक्यात न येणारा मधुमेह, असे निकष आहेत. वैद्यकीय निकष खाली आले तरी विम्याचे तिथंच आहेत. शिवाय पॉलिसीचा थांबण्याचा काळ असतो. ऑपरेशननंतरच्या गोळ्या आणि दर वर्षीच्या रक्ततपासण्या या खर्चात धरलेल्या नसतात. त्या धरा.

नणंदेचं काय ठरलं?

अजून ठरलेलं नाही. रक्त तपासलं तर थायरॉईड बिघडलेलं निघालं, गोळी सुरू झाली. बी-१२ ही कमी होतं. साखर काठावर आहे. आहारतज्ज्ञ बाईंनी तिला लाडू बंद करायला न सांगता दिवसाला एकच, आणि तो जेवणाच्या जागी नव्हे, असं सांगितलं. हे तिला पटलं, कारण पहिल्यांदाच कुणी तिच्या आईच्या हातच्या खाण्याला शिवी घातली नव्हती. दोन महिन्यांत तीन किलो उतरलेत. त्यावर मी काही निष्कर्ष काढत नाही, तीही काढत नाही.

धाकट्याला वर्ष झालं की सर्जनला भेटायचं ठरलंय. मी सोबत जाणार आहे आणि तिच्या आग्रहानं भाऊजीही. बाळाच्या लसीकरणाच्या कार्डामागं तिनं प्रश्न लिहून ठेवलेत. तुम्ही वर्षाला अशी किती ऑपरेशनं करता? माझ्यासाठी स्लीव्ह की बायपास, आणि का? रात्री त्रास झाला तर कोल्हापुरात कोण बघेल? पाच वर्षांनी माझी तपासणी कोण करेल? शेवटचा प्रश्न तिनं परवा वाढवला. सत्तर किलोवर थांबले तर मी ते यश मानायचं का? हा सर्जनला नाही, माझा मलाच विचारायचा राहिलाय, म्हणाली, आणि तोही तसाच कार्डावर राहू दिला.